मांडव रिकामा, वरात जोरात

14 एप्रिल 2024, रविवार. रात्रीचे अकरा वाजत आले होते. मी दाराला कडी घालत होतो आणि जर्मनीहून पुतण्याचा फोन आला. या वेळेला फोन म्हणजे छातीत धस्स होतं. पण पोरगा हसत होता. "काका, काही बोलू नका, नुसतं ऐका," म्हणाला आणि त्यानं फोन खिडकीबाहेर धरला. हॉर्न, शिट्ट्या, फटाके, आणि मधूनच एखाद्या भसाड्या आवाजातलं गाणं. मला क्षणभर आपल्या इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, ती गेरच आठवली.

पुतण्या नोकरीपायी लेवरकुझेन नावाच्या गावात राहतो. त्या दिवशी गावच्या फुटबॉल संघानं वेर्डर ब्रेमेनला 5-0 असं धुतलं होतं आणि पाच फेऱ्या शिल्लक असतानाच जर्मन लीगचं विजेतेपद खिशात घातलं होतं. क्लब 1904 चा. एकशे वीस वर्षांतलं हे पहिलं लीग विजेतेपद. शेवटची शिट्टी वाजण्याआधीच लोक मैदानात घुसले, म्हणून पंचांनी सामना तिथेच संपवला. पुतण्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात, तिथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. एरवी जिन्यात भेटले तर मान हलवतील तेवढंच. त्या रात्री ते गळ्यात लाल-काळा मफलर घालून पायरीवर बसून ढसाढसा रडत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून 2000 सालची गोष्ट सांगत होते. त्या वर्षी शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी पुरत होतं. समोर उंटरहाखिंगसारखा चिमुकला संघ होता आणि हे 0-2 असे हरले. 2002 मध्ये तर कहरच झाला. लीग, जर्मन करंडक आणि युरोपची चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरा नंबर. लोकांनी गावाचं नावच 'उप-कुझेन' अशा अर्थानं बदलून टाकलं होतं. म्हातारबुवा त्या सगळ्या हरण्यांना जातीनं हजर होते, म्हणून त्यांना रडायचा हक्क होता.

"काका, 2022 ला आपण जिंकलो तेव्हा तुम्ही काय केलं होतं हो?" पुतण्यानं सहज विचारलं.

सहज विचारलेला प्रश्न कधीकधी फार आत जातो. 26 जून 2022, तोही रविवारच. मध्य प्रदेशानं बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. समोर एकेचाळीस वेळा हा करंडक नेलेली मुंबई. तिचे 374, आमचे 536. यश दुबे, शुभम शर्मा आणि आपला इंदूरचा रजत पाटीदार, तिघांचीही शतकं. शेवटच्या दिवशी 108 हवे होते, ते चार गड्यांत झाले. आणि मी? मी घरी सोफ्यावर होतो. दादरच्या मामेभावाला फोन लावून म्हणालो, "काय रे, मुंबईकर, कसं वाटतंय?" तो म्हणाला, "दादा, तुमचा कोच आमच्याच मुंबईचा. करंडक घरातच राहिला." चंद्रकांत पंडित मुंबईचे, हे खरंच. 1999 मध्ये याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून पहिल्या डावाची आघाडी घेऊनही ते कर्नाटककडून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर ते उभे होते आणि डोळे पुसत होते. ते पाहून मलाही भरून आलं, नाही असं नाही. मग खाली जाऊन जिलेबी आणली आणि संध्याकाळी राजवाड्याकडे एक चक्कर मारली. झाला उत्सव.

पुतण्याला मी हे सांगितलं, पण एक गोष्ट गाळली. जन्मभर स्वतःला 'होळकर क्रिकेटचा माणूस' म्हणवून घेणारा मी त्या संपूर्ण हंगामात मध्य प्रदेशाचा एक चेंडूसुद्धा मैदानावर बसून पाहिला नव्हता. करोनाच्या सावटामुळे तेव्हा जाणं अवघड होतं, हे निमित्त आहे. त्याआधीच्या पाच वर्षांचं निमित्त माझ्याकडे नाही.

मला वाटतं, 'आपला संघ' कशाला म्हणायचं हा प्रश्न आपण नेहमी चुकीच्या टोकानं धरतो. खेळाडू कुठं जन्मला, मालक कोण, जर्सीवर कुठलं नाव आहे, यावर हिरीरीनं वाद घालतो. शाळेतल्या बाई सकाळी हजेरी घ्यायच्या तशी शहराची हजेरी कुणी घेत नाही.

जन्मावरून ठरवायचं म्हटलं तर ज्या होळकर संघाच्या नावानं आम्ही इंदूरकर अजून छाती फुगवतो, त्याचं काय करणार? 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत दहा अंतिम सामने आणि चार विजेतेपदं. ऐकूनच गार वाटतं. पण कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे, आणि त्यांची ती नाबाद 443 ची खेळी तर महाराष्ट्राकडून. चंदू सरवटे सागरचे. हिशेबात पक्का इंदुरी म्हणजे मुश्ताक अली. डेनिस कॉम्प्टन तर महूच्या लष्करी छावणीत नेमणूक असलेला इंग्रज. 1945 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध 867 च्या अशक्य लक्ष्यापुढे त्यानं नाबाद 249 केल्या. इंदूरच्या कुणा शेठजींनी म्हणे त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे रोख इनाम कबूल केलं होतं, आणि सामना संपता संपता शेठजी अंतर्धान पावले. गोष्ट खरी असो वा नसो, सराफ्यात बसून ऐकायला झकास आहे. मुद्दा एवढाच की पदरी माणसं ठेवून होळकर महाराजांनी उभा केलेला हा संघ होता. आजच्या भाषेत फ्रँचायझीच की!

मग तो आमचा कसा झाला? माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, होळकर कॉलेजात शिकत होते तेव्हा यशवंत क्लबच्या मैदानाच्या कडेला जमिनीवर बसायचे. खिशात भुईमुगाच्या शेंगा. नेटमध्ये उंच मारलेला चेंडू बाहेर आला की तो उचलून द्यायला पोरांची झुंबड उडायची, आणि ज्याच्या हाताला तो लागला तो त्या दिवशी हात धुवायचा नाही, असं अण्णा सांगायचे. 1951 मध्ये गुजरातविरुद्धचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. पंचावन्न वर्षांचा कर्णधार करंडक घेतोय हे अण्णांनी डोळ्यांनी पाहिलं. नायडू इथंच राहिले आणि 1967 मध्ये इथंच गेले. मुश्ताक अली 2005 मध्ये इथंच गेले. संघ बाहेरून आला, पण शहरात मुक्कामाला राहिला आणि शहर त्याच्याकडे रोज बघत बसलं. दोन्हीकडून हजेरी लागली.

लेवरकुझेनचंही असंच आहे, हे मला नंतर कळलं. जर्मनीत 1998 पासून एक नियम आहे. क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात हवीत, कुणा धनाढ्यानं क्लब विकत घेऊन टाकायचा नाही. लेवरकुझेनला या नियमातून सूट आहे, कारण तो क्लब चक्क बायर या औषध कंपनीचा. कडवे जर्मन चाहते त्यावरून नाकं मुरडतात. पण 1903 मध्ये कारखान्यातल्या कामगारांनीच कंपनीकडे अर्ज केला होता, आम्हाला खेळायला क्लब काढून द्या म्हणून. कंपनी मालक आणि कामगार प्रेक्षक, असं शतकभर चाललं. जेमतेम दीड-पावणेदोन लाख वस्तीचं गाव, आणि स्टेडियम तीस हजारांचं. आमचं होळकर स्टेडियमही साधारण तेवढंच, आणि इंदूर 2011 च्या जनगणनेतच वीस लाखांच्या घरात गेलेलं. हे गणित मी मुद्दाम पुढे सोडवत नाही.

त्या होळकर स्टेडियमची एक गंमत सांगतो. जानेवारी 2017 मध्ये रणजीचा अंतिम सामना इथं झाला. पार्थिव पटेलच्या 143 धावांवर गुजरातनं मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्याच हंगामात पुन्हा अंतिम सामना इथं. 1 जानेवारी 2018 ला विदर्भानं दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं आमच्या अंगणात दुसऱ्यांच्या घरचं पहिलं लग्न लागलं. विदर्भाच्या सामन्याला मी दोन दिवस गेलो होतो. माझ्या रांगेत मी, एक पेन्शनर आणि कॉलेज बुडवून आलेली चार पोरं. नायडूंच्या नागपूरचा संघ नायडूंच्या इंदुरात पहिल्यांदा विजेता होतोय, यापेक्षा मोठा योग कुठला हवा? पण शहर नव्या वर्षाच्या पार्टीतून उठायचं होतं.

याच स्टेडियमला केरळच्या कोची संघानं 2011 मध्ये आणि पंजाबच्या संघानं 2017 व 2018 मध्ये आयपीएलपुरतं 'घर' म्हटलं होतं. तिकिटांसाठी ओळखी निघाल्या, गालांवर रंग चढले. मग ते पाहुणे ताट वाढायच्या आत उठून गेले, ते गेलेच. मी आयपीएलला नावं ठेवणारा नव्हे. घरगुती क्रिकेटमध्ये आज जो पैसा दिसतो त्यातला बराचसा तिथूनच येतो, आणि पाटीदारसारख्या मुलाला देशानं ओळखलं तेही तिथूनच. 2022 च्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. मग बदली म्हणून बंगळुरूकडे गेला, एलिमिनेटरमध्ये नाबाद 112 ठोकल्या, आणि महिन्याभरानं रणजीच्या अंतिम सामन्यात 122. 3 जून 2025 ला त्यानं कर्णधार म्हणून बंगळुरूला पहिली आयपीएल जिंकून दिली. आनंद झालाच. शेजारच्या मुलाला परगावी मोठी नोकरी लागली की आपण पेढा खातो तसा तो खाल्ला. पण ती नोकरी आपल्या घरातली नव्हे, एवढं भान ठेवावं.

दुसऱ्या दिवशी त्याच चिन्नास्वामीच्या बाहेर जे झालं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आदल्या रात्री उशिरा अहमदाबादला सामना संपला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्कार. कुठल्या दारातून जायचं, पास लागतो की नाही, मिरवणूक आहे की नाही, कुणालाच धड ठाऊक नाही. पस्तीस हजारांच्या आसपास बसतील अशा मैदानाबाहेर लाखांनी माणसं. चेंगराचेंगरीत अकरा जीव गेले, बहुतेक कोवळे. त्यानंतर आपल्याकडे पारावर, कट्ट्यावर एकच सूर ऐकू आला: "कशाला जायचं मेलं गर्दीत? घरी बसून बघावं." मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे.

गर्दी कशी हाताळायची हे इंदूरला शिकवायची गरज नाही. रंगपंचमीला टोरी कॉर्नरहून गेर निघते, राजवाड्यापाशी मुंगी शिरायला जागा नसते. अनंत चतुर्दशीला रात्रभर कापड मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या बत्तीस वर्षांत मिलचा भोंगा नाही, पगार नाही, आणि तरी करोनाची वर्षं सोडली तर झांकी निघत राहिली. वर्गणी काढून, उसनवार करून. बायका-पोरं संध्याकाळपासून ओट्यावर सतरंजी टाकून जागा धरतात. इथं रस्ता ठरलेला, क्रम ठरलेला, कुठल्या बोळातून बाहेर पडायचं ते सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक. गर्दीला वळण लागतं ते दर वर्षी येऊन, एकाच रात्री पोलीस वाढवून ते लागत नाही. वर्षभर मैदानाचं दार माहीत नसलेली गर्दी एका संध्याकाळी तिथं लोटली की दार कुठलं आणि भिंत कुठली हे तिला कळणार कसं?

म्हणून माझं मागणं जिंकल्यानंतरच्या रोड शोबद्दल नाहीच. रणजीच्या त्या साध्या चार दिवसांबद्दल आहे. या सामन्यांना सहसा तिकीट नसतं, पण तिकीट नसणं म्हणजे स्वागत असणं नव्हे. आमच्याच राज्यातल्या एका मैदानावर (नाव घेत नाही, वर्षही सोडून देतो) मी पत्नीला घेऊन गेलो होतो. पहिल्या दारावर सांगितलं, तिसऱ्या दारानं जा. तिसऱ्या दारावर कुलूप. तिथला रखवालदार म्हणाला, "साब, यह मैच देखने कौन आता है?" त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरोखरचं कुतूहल होतं. शेवटी सोडलं आत, पण पाण्याची बाटली बाहेर ठेवायला लावून. आत पाणी नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि धावफलकावर मागच्या षटकाचा आकडा. पत्नी तासाभरात म्हणाली, "तुमचं होऊ दे, मी रिक्षानं जाते." तिला काय दोष देणार?

एक दार ठरवून उघडं ठेवा आणि त्याची बातमी आठवडाभर आधी पेपरात द्या. सावलीच्या बाजूचा एक स्टँड लोकांना द्या. प्यायचं पाणी आणि चालता धावफलक द्या. घरचा डबा आत नेऊ द्या; पोहे खाल्ल्यावाचून इंदूरचा माणूस क्रिकेट बघू शकत नाही, हे जगजाहीर आहे. महापालिकेच्या आणि खेड्यातल्या शाळांना एकेक दिवस वाटून द्या, कारण आज चौथीत असलेलं पोर मैदानावर आलं नाही तर विसाव्या वर्षी ते फक्त गाडीच्या टपावर चढून झेंडा हलवायला येईल. आणि उद्या करंडक आलाच, तर घाईनं ट्रकवर न चढवता चार दिवस थांबा, मैदानात ठेवा आणि खुर्च्या मोजून लोकांना आत सोडा.

"चार-चार दिवस कोणाला वेळ आहे?" हे मला आतापर्यंत इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मीच ते आधी म्हणून टाकतो. वेळ नाही, खरंय. पण 30 जानेवारी 2025 ला विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला दिल्लीच्या मैदानात उतरला तेव्हा गुरुवारी सकाळी हजारो माणसं रांगेत होती. दुसऱ्या दिवशी तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड भराभर रिकामे झाले. दिल्लीचा डाव अजून चालू होता बरं का! वेळ होता, तो दिल्लीसाठी नव्हता एवढंच. आणि चारही दिवस बसा म्हणतोय कोण? लंच ते चहापान, दोन तास. तेवढा वेळ आपण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गाडी लावायला जागा शोधण्यात घालवतो.

फोनवर बघणं ही हजेरी नाही का, असं मला तरुण मंडळी विचारतात. अर्धी आहे, मी मान्य करतो. 2022 चा आनंद मलाही त्या काचेतूनच मिळाला. पण लेवरकुझेनचे म्हातारबुवा पायरीवर बसून रडले त्यात 2000 सालचा पाऊस होता, थंडी होती, परतीच्या गाडीतली शांतता होती. माझ्या सोफ्यावरच्या आनंदात सोफाच जास्त होता.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन रणजीच्या एका सामन्याला गेलो. वय वर्षं आठ, आयपीएलमधल्या सगळ्या संघांच्या टोप्या घरात. आत शिरला, कठड्याला टेकून पाच मिनिटं बघत राहिला आणि गोंधळून माझ्याकडे वळला.

"आजोबा, सगळेच पांढऱ्या कपड्यात आहेत. यातले आपले कुठले?"

"फील्डिंग करतायत ते."

"आणि ते आउट झाले की?"

"मग आपले बॅटिंगला येतील."

त्यानं डबा उघडला, पोह्यांतली शेव आधी वेचून खाल्ली. लंचनंतर माझ्या मांडीवर डोकं ठेवून थोडा झोपला. चहापानाला उठला तेव्हा सीमारेषेवरचा एक खेळाडू आमच्याकडे पाठ करून उभा होता. दोन-तीनदा हाका मारल्यावर त्यानं वळून हात केला. संध्याकाळी घरी निघताना नातू मला त्याचं नाव विचारत होता. मला ते सांगता आलं नाही. रिक्षात बसल्यावर मोबाईल काढला आणि संघाची यादी शोधायला लागलो.